संत फ्रान्सिस असिसीकर यांचे अल्पचरित्र

संत फ्रान्सिस असिसीकर यांचे चित्र अथवा पुतळा ज्याने पाहिला नाही असा कॅथलिक मनुष्य विरळा. खांद्यावर पाखरू, हातावर पाखरू, पायाशी निवांत बसलेला लांडगा आणि मुखावर मंद हास्य. हे चित्र खोटे नव्हे, पण ते अर्धे आहे. पाखरांशी बोलणारे फ्रान्सिस आपण मोठ्या प्रेमाने जवळ ठेवून घेतले. नाण्याला धुळीएवढीही किंमत न देणारे, आपल्या अंगावरचे पांघरूण ही गरिबाची ठेव आहे असे मानणारे फ्रान्सिस मात्र आपण हळूच बाजूस सारले. कारण उघड आहे. पाखरांवर प्रेम करण्यास फारसा खर्च येत नाही. ही दोन अंगे एकाच मनुष्याची कशी होती हे या महोत्सवाच्या निमित्ताने पुन्हा एकवार पाहावे, एवढ्याच हेतूने हे चरित्र लिहिले आहे.

इटली देशाच्या मध्यभागी उम्ब्रिया प्रांतात सुबासिओ डोंगराच्या उतारावर असिसी हे नगर वसले आहे. तेथे इ. स. ११८१ किंवा ११८२ साली पिएत्रो बर्नार्दोने नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी फ्रान्सिस जन्मास आला. आईचे नाव पिका. मूल जन्मले तेव्हा बाप व्यापारानिमित्त फ्रान्स देशी गेला होता. आईने बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचे नाव योहान ठेविले. बाप परत आल्यावर त्याने ते बदलून फ्रान्सिस असे केले. ज्या देशाने आपली पेढी भरली त्या देशाचे नाव मुलास द्यावे, असे त्या व्यापाऱ्यास वाटले असल्यास नवल नाही.

तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. शतकानुशतके ज्याची जमीन तो थोर, असा प्रकार चालत आला होता. आता पेठा वाढल्या, नाणे फिरू लागले आणि ज्याच्या गाठीस नाणे तोही थोर होऊ पाहू लागला. असिसी नगरात लोकांचे दोन तट पडले होते. सरदार घराण्यांना मोठे म्हणत आणि इतर नगरवासी हे धाकटे. बर्नार्दोने श्रीमंत असला तरी धाकट्यांतलाच. ११९८ साली नगरवासीयांनी डोंगरावरील बादशाही किल्ला पाडून टाकला व सरदारांच्या वाड्यांवर हात घातला. कित्येक सरदार शेजारच्या पेरुजा नगरात पळाले. ११०० मागे पडून १२०२ साल उजाडले, तेव्हा दोन्ही नगरांत उघड लढाई जुंपली. कोल्लेस्त्रादा येथे असिसीचे लोक हरले आणि विशीतील फ्रान्सिस कैद होऊन सुमारे एक वर्ष पेरुजाच्या तुरुंगात राहिला. ज्याच्याकडे आहे तो आणि ज्याच्याकडे नाही तो, यांच्यामधील वैर म्हणजे काय हे या मुलाने ग्रंथांत नव्हे तर रणांगणावर पाहिले, ही गोष्ट त्याचे चरित्र वाचताना विसरता कामा नये.

तोवर फ्रान्सिस उधळपट्टीसाठी नगरात प्रसिद्ध होता. उंची वस्त्रे, मेजवान्या, रात्री मित्रांसह रस्त्यांतून गात फिरणे यांत त्याचे तारुण्य चालले होते. बापाची त्यास हरकत नव्हती. सरदारपुत्रांच्या बरोबरीने आपला मुलगा वावरतो याचे त्यास समाधानच वाटे. तुरुंगातून सुटल्यावर फ्रान्सिस आजारी पडला. बरा झाल्यावर १२०५ च्या सुमारास शौर्य गाजवावे म्हणून तो दक्षिणेकडे आपुलिया प्रांती निघाला. परंतु वाटेत स्पोलेतो येथे त्यास रात्री ईश्वराची वाणी ऐकू आली आणि तो मागे फिरला.

त्यानंतर जे घडले त्याचे मूळ फ्रान्सिसने स्वतः आपल्या मृत्युपत्रात सांगून ठेविले आहे, आणि ते मूळ पाखरांत नाही, कुष्ठरोग्यांत आहे. असिसीबाहेर कुष्ठरोग्यांची वस्ती होती. ती दुरून दिसली तरी फ्रान्सिस नाक दाबून घेई. एके दिवशी घोड्यावरून जात असता समोर कुष्ठरोगी आला. फ्रान्सिस खाली उतरला, त्याला भिक्षा दिली आणि त्याचे चुंबन घेतले. पुढे तो त्या वस्तीत जाऊन राहिला व त्यांच्या जखमा धुऊ लागला. पूर्वी जे कडू वाटे ते आता गोड झाले, अशा अर्थाचे त्याचे लिहिणे आहे. सृष्टीतील किड्यामुंगीला भाऊ म्हणणारा मनुष्य आधी, ज्याला नगराने वेशीबाहेर टाकले होते त्या मनुष्याला भाऊ म्हणण्यास शिकला. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

सान दामियानो हे नगराबाहेरील पडके ख्रिस्तमंदिर. तेथील क्रूसासमोर प्रार्थना करीत असता, आपले पडत असलेले घर दुरुस्त कर अशी प्रभूची आज्ञा त्यास ऐकू आली. फ्रान्सिसने ती शब्दशः घेतली. बापाच्या दुकानातील कापड घेऊन तो फोलिन्यो येथे गेला, कापड विकले, घोडाही विकला, पायी परत आला आणि ते पैसे तेथील धर्मगुरूंच्या हाती देऊ लागला. गरीब धर्मगुरूंनी बापाच्या भयाने ते घेतले नाहीत. तेव्हा फ्रान्सिसने ती थैली खिडकीच्या कोनाड्यात भिरकावून दिली. बाप संतापला. त्याने मुलाला घरात कोंडून ठेविले; आईने सोडविले. अखेर १२०६ साली प्रकरण बिशप गुइदो यांच्यापुढे आले. पैसे परत करावेत असा बिशपांनी निवाडा दिला. फ्रान्सिसने पैसे तर दिलेच, पण अंगावरील सर्व वस्त्रे उतरवून तीही बापाच्या पायाशी ठेविली आणि यापुढे आपला पिता एक स्वर्गातलाच असे सर्वांसमक्ष सांगितले. बिशपांनी आपला झगा पुढे करून त्या उघड्या तरुणास झाकले.

येथे बापाविषयी दोन शब्द लिहिणे न्याय्य होईल. बर्नार्दोने दुष्ट नव्हता. कष्टाने मिळविलेले द्रव्य मुलाने परस्पर वाटावे हे कोणत्याही संसारी मनुष्यास सोसवणार नाही, आणि बिशपांचा निवाडाही बापाच्या बाजूने झाला होता. परंतु त्या दिवसापासून फ्रान्सिसला कोणतीच वस्तू माझी म्हणता आली नाही. यापुढे त्यांचा उल्लेख आदरार्थी करणे प्राप्त आहे.

दोन वर्षे त्यांनी भिक्षा मागून दगड गोळा केले आणि सान दामियानो व इतर पडकी मंदिरे स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली. त्यांपैकी पोर्झ्युंकुला, म्हणजे देवदूतांच्या पवित्र मरियेचे लहानसे चॅपेल, हे त्यांचे आवडते ठिकाण झाले. तेथेच एकदा मिस्साच्या वेळी, प्रभूने शिष्यांस पैसा, थैली व पायताण न घेता पाठविले तो संत मत्तयच्या शुभवर्तमानातील भाग वाचला गेला. फ्रान्सिस यांनी तत्काळ पायताण व काठी टाकली आणि कातडी पट्ट्याऐवजी कमरेला दोरी बांधली. त्यांच्यामागून असिसीचा श्रीमंत गृहस्थ बर्नार्द आला, त्याने आपली सर्व मालमत्ता विकून गरिबांस वाटली. मग पिएत्रो कातानी, मग एजिदिओ. बारा जण झाले तेव्हा ते पायी रोमला गेले आणि १२०९ च्या सुमारास पोपमहाराज तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या जीवनक्रमास तोंडी मान्यता दिली. फ्रान्सिस यांनी संघाला नाव दिले ते धाकट्या बंधूंचे. असिसीत मोठे आणि धाकटे यांचे भांडण चालू असता त्यांनी आपली जागा अशी उघड निवडली. १२१० साली नगरातील दोन्ही तटांनी आपसांत करार केला. त्याच काळात हे बंधू नगराखाली रिव्होतोर्तोच्या झोपडीत राहत होते, इतक्या लहान झोपडीत की फ्रान्सिस यांनी बसण्याच्या जागा ठरवून वाशांवर प्रत्येकाचे नाव लिहिले होते. पुढे एक शेतकरी आपले गाढव घेऊन त्याच झोपडीत शिरला, तेव्हा बंधूंनी वाद न घालता झोपडी सोडून दिली.

पोर्झ्युंकुलाचे चॅपेल बेनेदिक्तीन मठाच्या मालकीचे होते. मठाधिपतींनी ते फुकट देऊ केले. फ्रान्सिस यांनी मालकी घेतली नाही. वर्षाला टोपलीभर मासे भाडे म्हणून मठाकडे पोहोचते करण्याचा नियम त्यांनी घालून दिला, म्हणजे आपण दुसऱ्याच्या घरी राहतो याचा बंधूंना विसर पडू नये.

त्यांची निर्धनता ही केवळ देहदंडाची हौस होती असे काहीजण समजतात. तसे नव्हते. काहीच जवळ न ठेवता जगणे फार कठीण, असे बिशप गुइदो एकदा त्यांना म्हणाले. त्यावर फ्रान्सिस यांनी उत्तर दिले ते असे की, मालमत्ता ठेविली तर तिच्या रक्षणास शस्त्रे लागतील. तिच्यापायी तंटे व खटले निघतील आणि देवावरचे व शेजाऱ्यावरचे प्रेम अडखळेल. कोल्लेस्त्रादाची लढाई पाहिलेल्या मनुष्याचे हे उत्तर आहे. बांधाच्या वितभर जागेवरून सख्ख्या भावांनी आयुष्यभर न बोललेली घरे ज्याने पाहिली आहेत, त्याला या उत्तराचा अर्थ निराळा सांगावयास नको.

बंधूंनी हातांनी काम करावे, कामाबद्दल अन्न घ्यावे पण नाणे घेऊ नये, आणि मजुरी मिळालीच नाही तर प्रभूच्या पंगतीस बसल्याप्रमाणे दारोदार भिक्षा मागावी असा त्यांचा दंडक होता. एका बंधूने वेदीजवळ कोणी ठेविलेले नाणे उचलून खिडकीत ठेविले, एवढ्यासाठी फ्रान्सिस यांनी त्यास ते तोंडात धरून बाहेर गाढवाच्या शेणावर नेऊन ठेवावयास लाविले. हे आपणास अति वाटेल, मलाही वाटते. परंतु धनवानांचा तिरस्कार त्यांनी कधी शिकविला नाही. मऊ वस्त्रे नेसणारांस व चांगले जेवणारांस तुच्छ लेखू नये, प्रत्येकाने स्वतःचाच न्याय करावा, असे त्यांच्या नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे. एकदा सिएना नगराहून परतताना वाटेत गरीब मनुष्य भेटला. फ्रान्सिस आजारी असल्यामुळे त्यांच्या अंगावर एक पांघरूण होते. ते ज्याचे त्यास परत केले पाहिजे, असे ते सोबत्यास म्हणाले. कारण आपल्याहून गरीब भेटेपर्यंतच ते आपणास उसने मिळाले होते. सोबत्याने पुष्कळ विरोध केला. न दिल्यास आपल्यावर चोरीचा आळ येईल, असे फ्रान्सिस यांचे म्हणणे पडले. दुसऱ्या एका वेळी दोन बंधूंची गरीब आई काही मागावयास आली आणि मठात देण्याजोगे काहीच नव्हते. होता तो प्रार्थनेच्या वेळी वाचावयाचा नव्या कराराचा एकुलता एक ग्रंथ. तो विकून पोट भर, म्हणून त्यांनी तिला देवविला.

आता त्यांच्या सृष्टिप्रेमाकडे वळू. बेव्हान्या गावाजवळ त्यांनी पाखरांस उपदेश केला ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्यापेक्षा लहान गोष्टी मला अधिक बोलक्या वाटतात. वाटेवरचा किडा पायाखाली येऊ नये म्हणून ते उचलून कडेला ठेवीत. हिवाळ्यात मधमाश्या मरू नयेत म्हणून त्यांच्यासाठी मध व उत्तम द्राक्षारस ठेवावयास सांगत. हात धुताना पडलेले पाणी पायाखाली तुडविले जाणार नाही अशी जागा पाहत. लाकूड तोडणाऱ्या बंधूस त्यांनी सांगून ठेविले होते की झाड समूळ तोडू नये, त्याला पुन्हा फुटण्याची आशा राहील इतका बुंधा ठेवावा. आणि मळा करणाऱ्या बंधूस सांगितले की सगळी जमीन भाजीखाली आणू नये. थोडी जागा रानगवतास व फुलांस मोकळी सोडावी. भाजीपाल्याच्या वाड्यांवर ज्यांचा संसार चालतो त्यांना या आज्ञेचे मोल कळेल. पोटापुरते घ्यावे आणि उरलेले ज्याने निर्मिले त्याच्यासाठी राहू द्यावे, हा तिचा भाव. पांघरूण गरिबाचे मानणारे आणि मळ्याचा कोपरा रानगवताला सोडणारे फ्रान्सिस एकच आहेत. दोन्हीकडे ते मालक म्हणून वागत नाहीत, पाहुणे म्हणून वागतात.

गुब्बिओच्या लांडग्याची गोष्ट त्यांच्या मरणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, म्हणून ती इतिहास म्हणून सांगता येत नाही. तथापि तिच्यातील न्याय पाहण्यासारखा आहे. लांडगा माणसे मारीत होता. फ्रान्सिस यांनी त्यास दरडाविले, पण त्याच्या अपराधाचे मूळ भूक आहे हेही ओळखले आणि गावाशी त्याचा करार करून दिला: त्याने कोणास इजा करू नये आणि गावाने त्यास रोज खावयास घालावे. करार दोन्ही बाजूंनी पाळला गेला, असे ती गोष्ट सांगते.

या मधल्या वर्षांत संघ फार वाढला. १२१२ साली असिसीच्या सरदार घराण्यातील क्लारा हिने झावळ्यांच्या रविवारच्या रात्री घर सोडले व पुढे सान दामियानो येथे निर्धन भगिनींचा मठ चालविला. १२१९ साली क्रूसयुद्ध चालू असता फ्रान्सिस निःशस्त्र इजिप्तमध्ये दमिएत्ता येथे सुलतान अल-कामिल यांच्या छावणीत गेले व सुखरूप परत आले. परंतु डोळ्यांचा असाध्य विकार घेऊन आले. गृहस्थाश्रमी स्त्रीपुरुषांसाठीही त्यांनी मार्ग आखून दिला, त्यालाच पुढे तिसरा संघ म्हणू लागले.

वाढीबरोबर दुःखही आले. बोलोन्या नगरात बंधूंचे घर म्हणून एक इमारत उभी राहिल्याचे कळताच फ्रान्सिस यांनी सर्वांस, आजाऱ्यांसही, बाहेर पडण्याची आज्ञा केली. कार्डिनल उगोलिनो यांनी ते घर आपले असल्याचे जाहीर केले तेव्हाच बंधू आत गेले. पोर्झ्युंकुलाजवळ असिसीकरांनी त्यांच्या गैरहजेरीत दगडी घर बांधले होते. ते पाहून फ्रान्सिस छपरावर चढले आणि कौले काढून खाली टाकू लागले. घर बंधूंचे नसून नगराचे आहे असे शिपायांनी सांगितले, तेव्हा ते निमूटपणे उतरले. इमारत निधीसाठी पेट्या फिरविणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना ही गोष्ट वाचताना छातीत थोडे धस्स होते, हे कबूल केले पाहिजे. १२२० साली त्यांनी संघाचे आधिपत्य सोडले. २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोपमहाराज तिसरे होनोरियस यांनी नियमावलीस लेखी मान्यता दिली.

त्याच वर्षीचा नाताळ त्यांनी ग्रेच्चो येथे डोंगरातील गुहेत गव्हाण मांडून, खरा बैल व गाढव आणून साजरा केला. नाताळाविषयी त्यांची एक इच्छा होती. बादशहाची भेट झाली तर त्याच्याकडून कायदा करून घ्यावा की, त्या दिवशी सर्वांनी रस्त्यांवर धान्य टाकावे, म्हणजे पाखरांना, विशेषतः चंडोलांना, भरपूर खावयास मिळेल. बैलांना व गाढवांना नेहमीपेक्षा अधिक चारा घालावा. आणि श्रीमंतांनी गरिबांस पोटभर जेवू घालावे. गरीब आणि पाखरू यांची पंगत त्यांनी एकत्र मांडली. त्या दिवशी पवित्र मरियेच्या निर्धनतेची आठवण होऊन ते एकदा जेवणावरून उठले आणि भाकरी उघड्या भुईवर बसून खाल्ली.

सप्टेंबर १२२४ मध्ये ला व्हेर्ना डोंगरावर त्यांच्या शरीरावर प्रभूच्या पाच जखमा उमटल्या. पुढील वर्षी ते सान दामियानोजवळ एका चटईच्या खोपटात पडून होते. दिवसाचा उजेड किंवा रात्रीचा जाळ डोळ्यांना सोसवत नसे. उंदीर अंगावरून धावत. त्या स्थितीत त्यांनी सृष्टीचे स्तोत्र रचले आणि त्यात पहिला मान सूर्याला दिला, जो त्यांना पाहवतही नव्हता. लॅटिन भाषा बाजूस ठेवून त्यांनी ते उम्ब्रियाच्या लोकभाषेत रचले. इटालियन भाषेतील अगदी आरंभीच्या काव्यांत त्याची गणना होते. पुढे असिसीचे बिशप व नगराचा मुख्याधिकारी यांच्यात वैर माजले, तेव्हा फ्रान्सिस यांनी क्षमेविषयीचे कडवे जोडून बंधूंना ते दोघांसमोर गावयास पाठविले आणि त्यांचा समेट झाला. रिएतीजवळ वैद्याने तापलेल्या लोखंडाने त्यांच्या कानापासून भुवईपर्यंत डाग दिला. सोबतचे बंधू पळून गेले; फ्रान्सिस यांनी अग्नीला भाऊ म्हणून सौम्य होण्याची विनंती केली.

३ ऑक्टोबर १२२६ च्या सायंकाळी पोर्झ्युंकुला येथे त्यांचे निधन झाले. मरणापूर्वी त्यांनी आपणास उघड्या अंगाने उघड्या जमिनीवर ठेवावयास लाविले. मठाधिकाऱ्याने झगा आणून दिला, पण तो उसना आहे, त्यावर तुमचा हक्क नाही असे सांगूनच. तेव्हा त्यांनी तो आनंदाने घेतला. तिन्हीसांजेला चंडोल छपराभोवती घिरट्या घालीत होते असे बंधूंनी लिहून ठेविले आहे.

दोन वर्षांच्या आत, १६ जुलै १२२८ रोजी, पोपमहाराज नववे ग्रेगरी यांनी, म्हणजे पूर्वीचे कार्डिनल उगोलिनो यांनीच, त्यांस संतपद दिले आणि दुसऱ्याच दिवशी असिसीत त्यांच्या नावाच्या भव्य मंदिराची कोनशिला बसविली. निर्धनता किती पाळावी यावरून संघात पुढे शतकभर वाद चालला. त्याच संघाचे थोमास, जेम्स, पीटर व देमेत्रिउस हे चौघे १३२१ साली आपल्या ठाणे शहरी श्रद्धेसाठी हुतात्मे झाले. त्यांच्या अस्थी पुढे बंधू ओदोरिक यांनी चीन देशी नेल्या. आपल्या भागाला फ्रान्सिस यांच्या झग्याची ओळख आहे ती तेव्हापासूनची.

मालमत्तेचा प्रश्न पवित्र सभेने फ्रान्सिस यांच्याप्रमाणे सोडविला नाही, आणि ते योग्यही होते. कुटुंब पोसणारास घर व शेत लागतेच. पोपमहाराज तेरावे लिओ, जे स्वतः तिसऱ्या संघाचे होते, यांनी १८९१ सालच्या परिपत्रकात खाजगी मालकीचा हक्क मान्य केला व त्याबरोबरच कामगारास पोटापुरती मजुरी देणे हे न्यायाचे कर्तव्य ठरविले. १९६७ साली सहावे पॉल यांनी हा हक्क बिनशर्त नाही असे सांगितले. १९७९ साली दुसरे जॉन पॉल यांनी फ्रान्सिस यांना पर्यावरणाची जोपासना करणारांचे आश्रयदाते संत ठरविले. २०१३ साली निवडून आलेल्या पोपमहाराजांनी त्यांचेच नाव धारण केले आणि २०१५ साली काढलेल्या परिपत्रकास त्यांच्या स्तोत्रातील शब्दांवरून ‘लाउदातो सी’ हे नाव दिले. सृष्टीची हानी आणि गरिबांची दैन्यावस्था ही दोन संकटे नसून एकच आहे, आणि पाण्याचा व हवेचा नाश झाला की पहिला घाव गरिबाच्या घरावर पडतो, हे त्यात विस्ताराने मांडले आहे. ते पोपमहाराज २०२५ साली प्रभूघरी गेले.

असिसीच्या खाली सपाटीवर आज देवदूतांच्या पवित्र मरियेचे प्रचंड मंदिर आहे. त्याचे बांधकाम १५६९ साली सुरू होऊन शतकाहून अधिक काळ चालले. पोर्झ्युंकुलाचे चॅपेल त्यांनी पाडले नाही. त्या मोठ्या घुमटाखाली ते अद्याप तसेच उभे आहे, दगडी, बुटके, एखाद्या शेतकऱ्याच्या घराएवढे.